एंजिन बदलले, पण गाडीचे काय?

‘एंजिन हे मोटारीचे हृदय आहे’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधात हमखास आढळते. उपमा म्हणून ते वाईट नाही. पण उपमेवर विसंबून कोणी हातात पाना घेतला की घोटाळा होतो. हृदय निकामी झाले तर दुसरे बसवावे, तसे जुन्या मालमोटारीचे एंजिन थकले तर दुसरे, जमल्यास अधिक दमदार, एंजिन बसवावे. म्हणजे गाडी पुन्हा तरुण झाली, असे पुष्कळांना वाटते.

हृदयाच्या बाबतीतसुद्धा हे इतके सोपे नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. रोगी अठरा दिवस जगला. नवे हृदय शेवटपर्यंत नीट चालत होते. रोगी दगावला तो न्यूमोनियाने. कारण शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून जे उपचार केले, त्यांनी त्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली होती.

जुन्या मालमोटारीत दुसरे एंजिन बसवावे की नाही, या प्रश्नाकडे मी याच नजरेने पाहतो. बसवावे, जरूर बसवावे. परंतु तो निर्णय एंजिनाकडे पाहून घेऊ नये. बाकीच्या गाडीकडे, आणि सर्वांत आधी तिच्या ब्रेककडे पाहून घ्यावा. आपण शाळेत एंजिनाचे चार फेरे पाठ करतो, दट्ट्याची आकृती काढतो, नावे देतो. पण ते एंजिन गाडीला जोडल्यावर आणखी कोणकोणती कामे मुकाट्याने करते, हे कोणी सांगत नाही. आणि नेमकी तीच कामे एंजिन बदलताना विसरली जातात.

एक खरे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर अमेरिकन व ब्रिटिश बनावटीच्या हजारो मालमोटारी धावत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. इंग्लंडमधील पीटरबरो येथे फ्रँक परकिन्स यांनी १९३२ साली स्थापन केलेल्या कंपनीने १९३७ साली ‘पी-६’ नावाचे सहा सिलिंडरांचे डीझेल एंजिन तयार केले. ते शीघ्रगती डीझेल होते आणि पेट्रोल एंजिनाच्या जागी बसण्याजोगे होते. युद्धानंतर अनेक मालकांनी आपल्या गाडीतले पेट्रोल एंजिन काढून पी-६ बसवून घेतले. फोर्डसन थेम्स या ब्रिटिश मालमोटारीला तर कारखान्यातूनच व्ही-८ पेट्रोल किंवा पी-६ डीझेल यांपैकी एक एंजिन मागवता येत असे. आपल्याकडे १९५०च्या दशकात मद्रासच्या (आताच्या चेन्नईच्या) सिम्प्सन कंपनीने परकिन्सच्या परवान्याने डीझेल एंजिने बनवण्यास सुरुवात केली.

डीझेलची एवढी ओढ का? त्या काळच्या पेट्रोल एंजिनाचे संपीडन गुणोत्तर सुमारे ६ असे. म्हणजे सिलिंडरात आलेले मिश्रण एक-षष्ठांश आकारमानात दाबले जाई. त्याहून फार दाबले तर मिश्रण अवेळी पेट घेई आणि एंजिन खडखडू लागे. डीझेल एंजिनात नुसती हवाच दाबायची असल्याने ते गुणोत्तर १६च्या आसपास नेता येते. अधिक दाबलेला वायू अधिक प्रसरण पावतो आणि इंधनातील उष्णतेचा मोठा हिस्सा कामाला लागतो. शिवाय एक लिटर डीझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के अधिक ऊर्जा असते. रोज घाट चढणाऱ्या मालकाला हा हिशेब पुस्तकाशिवाय समजत होता.

आता हे दोन आकडे पाहा. फोर्डच्या ३·६ लिटरच्या व्ही-८ पेट्रोल एंजिनाची शक्ती ८५ अश्वशक्ती. पी-६ची ८३. जवळजवळ सारखीच! तेव्हा एक काढून दुसरे बसवले, हिशेब मिटला, असे कोणीही म्हणेल. पण या आकड्यांना एक शेपूट आहे, ते सहसा वाचले जात नाही. व्ही-८ची ८५ अश्वशक्ती मिनिटाला ३८०० फेऱ्यांना मिळते. पी-६ची ८३ मिळते ती सुमारे २४०० फेऱ्यांना.

शक्ती म्हणजे पिळाचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. या पिळाच्या जोराला कारखान्यात टॉर्क म्हणतात. अश्वशक्तीचे वॉट करून (एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट) भागाकार केला, तर त्या त्या वेगाला व्ही-८चा टॉर्क सुमारे १६० न्यूटन-मीटर येतो आणि पी-६चा सुमारे २४५. म्हणजे डीझेल एंजिन सावकाश फिरते, पण दीडपट जोराने पिळते. तुम्ही स्वतः हा भागाकार करून पाहा. वेग रेडियनमध्ये घ्यायला मात्र विसरू नका.

याचा परिणाम काय? मागच्या डिफरन्शियलमधील दंतचक्रे जुनीच ठेवली, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावर दीडपट ओढ येईल. घाट चढताना चालक खूश होईल. पण सपाटीवर गाडीचा सर्वाधिक वेग २४०० भागिले ३८००, म्हणजे पूर्वीच्या ६३ टक्केच राहील. जी गाडी ताशी ८० किलोमीटर धावत होती ती ५०वर अडेल. चालक वैतागून एंजिन त्याच्या मर्यादेबाहेर पळवील आणि काही महिन्यांत ते पुन्हा मिस्त्रीकडे येईल.

यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलणे. समजा ते ६·६ होते, ते ४·२ केले. आता चाकाचा वेग व चाकावरचा टॉर्क पूर्वीइतकाच झाला. पण मधल्या भागाचे काय? क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या आसापर्यंत जाणारा लांब दांडा यांच्यातून आता दीडपट टॉर्क वाहतो आहे, आणि हे भाग तर जुनेच आहेत. त्यांच्या आखणीत ही दीडपट बसते का, ते पाहावे लागते. साखळीची एक कडी जाड केली की ताण पुढच्या कडीवर जातो, तसेच हे.

आणखी एक गंमत, खरे तर गंमत म्हणवत नाही. जुन्या मालमोटारीतील वेगमापकाची तार गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जोडलेली असते. चाके किती फिरली हे तिला ठाऊक नसते; दांडा किती फिरला एवढेच ती मोजते. डिफरन्शियल बदलले आणि वेगमापकाचे दंतचक्र बदलायचे राहिले, तर काट्यावर ४० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६३ने धावत असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे चालकाला वाटते त्याच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा त्याच्या पायाखालच्या ब्रेकला गिळायची असते, आणि समोरचा काटा त्याला सांगतो आहे, सगळे ठीक आहे.

इथपर्यंतच्या गोष्टी हुशार मिस्त्री सांभाळून घेतो. पुढची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण ती म्हणजे एक पोकळी आहे.

पेट्रोल एंजिनाचा जोर कमी-जास्त करण्यासाठी आत जाणारी हवाच अडवतात. हवेच्या वाटेवर एक फुलपाखरी झडप असते. चालकाने पायपट्टीवरून पाय काढला की ती मिटते. दट्ट्ये मात्र हवा ओढतच असतात. बंद दारामागे ओढल्यामुळे तिथे अर्धवट निर्वात तयार होतो. बाहेरच्या हवेपेक्षा तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक कमी असू शकतो. जुन्या मोटारींच्या रचनाकारांनी या फुकटच्या निर्वाताचा मोठ्या कल्पकतेने उपयोग केला. ब्रेकच्या मदतीला त्यांनी एक पत्र्याचा डबा व त्यात एक पडदा बसवला. पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला एंजिनातून आलेला निर्वात. २५ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर भरते. दाबातला फरक ०·६ किलोग्रॅम धरला, तर पडद्यावर जवळजवळ ३०० किलोग्रॅमचा भार पडतो. चालकाचा पाय ब्रेकवर टेकला की हा अदृश्य तीनशे किलोचा पाय त्याच्या जोडीला येतो. काही गाड्यांत तर काचेवरचे पावसाचे वायपरही याच निर्वातावर चालत.

आता ते एंजिन काढून डीझेल बसवले. डीझेल एंजिनात जोर कमी-जास्त करतात तो इंधन कमी-जास्त करून. हवेचे दार सामान्यतः उघडेच असते. काही एंजिनांत गव्हर्नरसाठी हवेच्या वाटेत छोटी झडप ठेवलेली असते, पण तिच्या भरवशावर ब्रेक चालवता येत नाहीत. थोडक्यात, निर्वात गेला. ब्रेकचा डबा जागच्या जागी, नळी जागच्या जागी, पण तो तीनशे किलोचा पाय नाहीसा! म्हणूनच अशा बदलात निर्वात तयार करणारा वेगळा पंप एंजिनावर बसवावा लागतो. चांगल्या कारागिरांनी तो बसवला. ज्यांना नवे एंजिन सुरू झाले, धूर निघाला, गाडी पुढे गेली एवढ्यानेच समाधान वाटले, त्यांची परीक्षा पहिल्या उतारावर झाली असणार.

उतारावरच आणखी एक मदतनीस गायब होतो. पेट्रोल गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय काढला, की दट्ट्यांना मिटलेल्या झडपेविरुद्ध हवा ओढावी लागते. त्यात गाडीची ऊर्जा खर्च होऊन वेग आवरला जातो. डीझेलमध्ये दार उघडे. हवा दाबायला ऊर्जा लागते खरी, पण दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे दट्ट्याला परत ढकलते आणि घेतलेली बरीचशी ऊर्जा परत करते. त्यामुळे डीझेल एंजिनाचा अटकाव मवाळ पडतो. मोठ्या डीझेल गाड्यांत धुराच्या नळीत झडप बसवून धूर कोंडण्याची युक्ती, म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक, वापरतात ती याचसाठी.

आपल्या बोरघाटाचा हिशेब करू या. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण ५०० मीटरची उंची उतरावी लागते. मालासह ७ टनांची गाडी एवढी खाली आली म्हणजे तिची स्थितिज ऊर्जा सुमारे ३४० लाख जूलने कमी होते. टायरांचे घर्षण व हवेचा विरोध यांनी त्यातला तिसरा हिस्सा खाल्ला असे धरू. उरलेल्या ऊर्जेत २० अंशांचे सुमारे ६८ लिटर पाणी उकळीला येईल! ही सगळी उष्णता एंजिनाचा अटकाव आणि ब्रेक यांनी मिळून पचवायची असते. एंजिनाने आपला वाटा कमी केला तर तो मुकाट्याने ब्रेकच्या अंगावर पडतो. ब्रेकचे अस्तर फार तापले की त्याचे घर्षण घटते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. त्याच वेळी पायही एकटाच असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

यावर माझ्या परिचयाचे एक गृहस्थ म्हणाले, “अहो, आमचे मिस्त्री असली गणिते न करता आयुष्यभर एंजिने बदलत आले. गाड्या चालल्याच ना?” या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. एंजिनाची बैठक चासीवर कुठे घ्यायची, रेडिएटर किती पुढे सरकवायचा, वजन वाढले म्हणून पुढच्या पाट्यांना एखादे जादा पान घालायचे का, हे अनुभवी हाताला जितके कळते तितके पुस्तकाला कळत नाही. कित्येक मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगतात की कंप कुठून येतो आहे. मला त्यांच्याविषयी आदर आहे, आणि एखाद्या शिक्षकाने अशा मिस्त्रीला वर्गात बोलावून तासभर बोलू दिले तर मला फार आनंद होईल. पण ज्या गाड्या चालल्या त्या आपल्याला दिसतात. ज्या चालल्या पण थांबल्या नाहीत, त्यांची आठवण सांगायला गॅरेजमध्ये कोणी येत नाही. अनुभव हा वाचलेल्यांचा असतो. हिशेब दुसऱ्यांचाही करता येतो, आणि म्हणूनच तो करायचा.

काही जण उलट टोकाला जातात. ‘असली जुनी धुडे भंगारात टाका, एंजिन बदलण्याचे उद्योग कशाला?’ असे ते म्हणतात. मला हेही पटत नाही. चासी सरळ असेल, तिला तडे किंवा गंज नसेल, आस आणि ब्रेक आखलेल्या भाराला पुरे पडत असतील, तर केवळ एंजिन झिजले म्हणून टनावारी पोलाद वितळवणे ही उधळपट्टी आहे. ते पोलाद बनवायला कोळसा जळाला आहे. पण माझी एक अट आहे. बदललेले एंजिन गाडीच्या मूळ आखणीइतक्याच शक्तीचे असावे, जास्त नको. चासीला झेपते त्याहून दमदार एंजिन बसवणे हे मला कौतुकाचे वाटत नाही. अधिक शक्ती म्हणजे अधिक वेग किंवा अधिक माल, आणि दोन्हींचे बिल शेवटी ब्रेककडेच येते. ताशी ६० ऐवजी ८०ने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा पावणेदोनपटीहून अधिक असते. ब्रेकचे ड्रम मात्र तेवढेच असतात.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम वाहनातील फेरफारांविषयी आहे. मालकाने नोंदणीतील तपशील परस्पर बदलू नयेत, असे ते सांगते. २००० साली त्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक वायू, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनासाठी अटींसह एंजिनात बदल करण्यास वाट ठेवण्यात आली. हे योग्यच झाले. पण नोंदणीपत्रात एंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार लिहिला जातो. ‘ब्रेकला निर्वात कोठून मिळतो?’ असा रकाना त्यात नसतो. तो प्रश्न तपासणाऱ्याने आणि मालकाने आपल्या बुद्धीने विचारायचा असतो. त्यासाठी तो प्रश्न असतो हे तरी माहीत हवे, आणि ते माहीत होण्याची जागा शाळा हीच आहे.

ही सारी जुन्या काळची कथा आहे असे समजू नका. जुन्या गाडीतून डीझेल एंजिन काढून विजेची मोटर व बॅटरी बसवण्याचे प्रयोग आज होत आहेत, आणि पुन्हा तीच प्रश्नमालिका समोर येते. विजेची मोटर निर्वात देत नाही. तो विजेच्या पंपाने तयार करावा लागतो. स्टिअरिंगला मदत करणारा तेलाचा पंप आणि एअर ब्रेक असतील तर हवेचा कॉम्प्रेसर हेही एंजिनावरच फिरत असतात. त्यांनाही नवा धनी शोधावा लागतो. मोटर स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण टॉर्क देते, तो गिअरबॉक्सला सोसतो का ते पाहावे लागते. बॅटरी जड असते, म्हणजे तेवढा माल कमी.

उतारावर मात्र ही मोटर मोठी गुणी ठरते. ती उलट जनित्रासारखी चालून गाडीची ऊर्जा बॅटरीत परत भरते. ब्रेक थंड राहतात आणि वीजही मिळते. मग प्रश्नच मिटला? शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण घालून पाहावे: एका चालकाने लोणावळ्याला चहा घेता घेता गाडीची बॅटरी शंभर टक्के भरून घेतली, आणि लगेच सात टनांची ती गाडी घेऊन तो बोरघाट उतरू लागला. बॅटरीत आता कणभरही जागा नाही. ते ६८ लिटर पाणी उकळणारी ऊर्जा कोठे जाईल? आणि बॅटरी किती टक्क्यांवर थांबवली असती, तर तिला जागा झाली असती? बॅटरी १०० किलोवॅट-तासांची धरा आणि एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख जूल.